पेशीरोपणाची आशा आणि पुराव्याची शिस्त

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक जपानमधील क्योतो विद्यापीठातून आला होता, दुसरा अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांकडून. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मज्जापेशींचे कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत रोपण केले असता त्या तेथे जगतात, डोपामिन हे रसायन निर्माण करतात आणि दीड-दोन वर्षांच्या काळात त्या पेशींमुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळत नाही, असा दोन्ही निबंधांचा निष्कर्ष होता. पहिल्या प्रयोगात सात रुग्ण होते, दुसऱ्यात बारा. काही रुग्णांच्या हालचालींत सुधारणा झाल्याचेही नमूद करण्यात आले. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमितोमो फार्मा या कंपनीने क्योतोच्या पद्धतीवर आधारलेल्या उपचारासाठी जपान सरकारकडे मान्यतेचा अर्ज केला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात या विकाराचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरात ही वार्ता कशा प्रकारे वाचली जाईल हे सांगावयास नको. हाताचा कंप, अवयवांचा ताठरपणा, पावलोपावली अडखळणारी चाल आणि हळूहळू निर्विकार होत जाणारा चेहरा यांनी गांजलेल्या माणसाला 'नव्या पेशी' हा शब्दच दिलासा देतो. या दिलाशाला आधार आहे काय, असल्यास किती आहे, हे ठरविण्यासाठी मात्र या संशोधनाचा जवळजवळ अर्धशतकाचा इतिहास पाहिला पाहिजे. तो इतिहास मुख्यतः उंदरांच्या आणि माकडांच्या मेंदूवर लिहिला गेला आहे. प्राण्यांनी दिलेली उत्तरे बहुतेक वेळा खरी ठरली. परंतु ती ज्या प्रश्नांची उत्तरे होती, त्यांपेक्षा निराळ्याच प्रश्नांची ती उत्तरे आहेत असे मानण्याची चूक माणसांनी वारंवार केली.

सशापासून माणसापर्यंत

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे व्यवस्थित वर्णन केले आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. आयुर्वेदाला कंपवात परिचित होताच. परंतु मेंदूत नेमके काय बिघडते याचा उलगडा होण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसरपिन हे औषध टोचले. आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळांपासून मिळणाऱ्या या द्रव्याने ससे निपचित पडले. आणि लेव्होडोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. शरीरात लेव्होडोपाचे डोपामिन होते. डोपामिन आणि हालचाल यांचा संबंध अशा रीतीने प्रथम एका प्राण्याने दाखविला. १९६० साली व्हिएन्नातील ओलेह होर्निकिएविच व त्यांचे सहकारी यांना मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट आढळली. १९६७ साली जॉर्ज कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेत हे औषध तोंडावाटे देऊन रुग्ण सुधारतात हे सिद्ध केले. योगायोग असा की, हेच द्रव्य खाजकुयलीच्या बियांतून वेगळे करण्याचे काम मद्रासमधील दोन संशोधकांनी १९३७ सालीच केले होते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला.

लेव्होडोपा हे आजही या विकारावरील सर्वांत परिणामकारक औषध आहे. तथापि ते तूट भरून काढते, तूट निर्माण होण्याचे कारण दूर करीत नाही. मध्य-मेंदूतील काळसर पट्ट्यात डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी असतात. त्या मरत राहतात, औषधाची मात्रा वाढवावी लागते, आणि काही वर्षांनी अनेक रुग्णांच्या बाबतीत औषधाचा अंमल कधी चढतो तर कधी अचानक उतरतो. हातापायांच्या अनावर, वेड्यावाकड्या हालचाली हा त्या औषधाचाच एक त्रासदायक परिणाम होय. अशा स्थितीत, बाहेरून रसायन पुरविण्यापेक्षा ते निर्माण करणाऱ्या पेशीच मेंदूत लावाव्यात, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते.

गोल फिरणारा उंदीर

ही कल्पना तपासण्यासाठी रोगासारखी स्थिती प्राण्यात निर्माण करणे आवश्यक होते. शास्त्रज्ञ त्याला रोगाचे प्राणि-प्रतिमान म्हणतात. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील उर्बान उंगरस्टेट यांनी १९६८ साली असे प्रतिमान तयार केले. ६-हायड्रॉक्सिडोपामिन हे विष उंदराच्या मेंदूच्या एकाच बाजूला टोचले की त्या बाजूच्या डोपामिन पेशी नष्ट होतात. दोन बाजूंचा समतोल ढळल्यामुळे, विशिष्ट औषध दिले असता असा उंदीर एकाच दिशेने गोल गोल फिरू लागतो. मिनिटाला किती फेऱ्या झाल्या हे यंत्राने मोजता येते. मेंदूतील एका सूक्ष्म बिघाडाला अशा रीतीने आकडा मिळाला, आणि आकडा मिळाला की उपचाराचा गुण-अवगुण ठरविणे शक्य होते.

१९७९ साली या मोजमापाचा उपयोग झाला. अमेरिकेतील व स्वीडनमधील संशोधकांच्या एका संयुक्त गटाने आणि लुंड विद्यापीठातील अँडर्स ब्योर्कलुंड व उल्फ स्टेनेव्ही यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतील डोपामिन पेशी अशा बिघडलेल्या उंदरांच्या मेंदूत लावल्या. पेशी जगल्या, त्यांना तंतू फुटले, आणि उंदरांच्या फेऱ्या कमी झाल्या. प्रौढ मेंदूत नवी मज्जापेशी रुजू शकत नाही, या समजुतीला या प्रयोगांनी जबर हादरा दिला. त्यांचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

परंतु या उंदराने नेमके काय सांगितले हे नीट पाहावयास हवे. डोपामिन पेशींची तूट असेल आणि त्या जागी तशाच पेशी लावल्या, तर त्या काम करतात एवढेच त्याने सांगितले. हा उंदीर तरुण होता, त्याची हानी एका दिवसात झाली होती, ती मेंदूच्या एकाच बाजूला आणि एकाच प्रकारच्या पेशींत होती, आणि विष टोचून झाल्यावर ती पुढे वाढत नव्हती. कंपवात माणसाला बहुधा उतारवयात होतो, तो वर्षानुवर्षे वाढतो, आणि डोपामिनखेरीज इतरही अनेक पेशींना ग्रासतो. झोप, स्मृती, मनःस्थिती, रक्तदाब, पचन यांवर त्याची छाया पडते. गोल फिरण्याच्या परीक्षेत यांपैकी एकाही गोष्टीचा प्रश्न नव्हता. मग उत्तर तरी कोठून मिळणार?

माणसाच्या अधिक जवळचे प्रतिमान एका दुर्घटनेतून हाती आले. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे अचानक पुतळ्यासारखी ताठ झाली. चोरून तयार केलेल्या अमली द्रव्यात एमपीटीपी हा भेसळीचा घटक होता आणि त्याने त्यांच्या मेंदूतील डोपामिन पेशी मारल्या होत्या. विल्यम लँग्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हा उलगडा केला. हेच विष माकडांना दिले असता त्यांच्यात कंपवाताची बहुतेक बाह्य लक्षणे दिसू लागली. उंदरांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नव्हता. या काळात संशोधनासाठी माकडे मिळविणे पूर्वीइतके सोपे राहिले नव्हते, कारण भारताने १९७८ साली माकडांची निर्यात बंद केली होती. तरीही १९८६ पर्यंत माकडांतील भ्रूणपेशी-रोपणाचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

घाईची किंमत

प्राण्यांकडून माणसाकडे जाण्याचा मार्ग मात्र क्रमाने चालला गेला नाही. मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रेनल ग्रंथींच्या गाभ्यातील पेशीही थोडे डोपामिन निर्माण करतात. त्या रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून काढता येतात, त्यामुळे भ्रूणाचा नैतिक प्रश्न उपस्थित होत नाही. उंदरांत त्यांचा काही उपयोग दिसला होता. १९८२ साली स्टॉकहोममध्ये रुग्णांवर झालेल्या पहिल्या शस्त्रक्रियांत मात्र लाभ अल्प आणि तात्पुरता होता. असे असता १९८७ साली मेक्सिकोतील इग्नासियो माद्रासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णांत विलक्षण सुधारणा झाल्याचे जाहीर केले. जगभर या शस्त्रक्रियेची लाट उसळली आणि थोड्याच काळात शेकडो रुग्णांची पोटे व कवट्या उघडण्यात आल्या.

पुढे जे दिसले ते उद्वेगजनक होते. बहुसंख्य रुग्णांना टिकाऊ लाभ झाला नाही. काहींना शस्त्रक्रियेनंतर मानसिक भ्रम, संसर्ग व इतर व्याधी झाल्या, काही दगावले. मृत्यूनंतर मेंदू तपासला असता रोपण केलेल्या पेशींपैकी फारच थोड्या जिवंत आढळल्या. काही वर्षांतच ही शस्त्रक्रिया मागे पडली. येथे प्राण्यांच्या प्रयोगांना दोष देणे अन्यायाचे होईल. या पेशी उंदरांच्या मेंदूतही नीट टिकत नाहीत, याची चिन्हे आधीच दिसत होती. दोन रुग्णांच्या कहाणीपुढे ती कोणी पाहिली नाहीत, इतकेच.

भ्रूणपेशींचे काम अधिक संयमाने झाले. लुंडमध्ये १९८७ पासून ओले लिंडवाल, ब्योर्कलुंड आदींनी मोजक्या रुग्णांवर रोपण केले, त्यांची बारकाईने तपासणी केली आणि पहिल्या प्रयत्नांतील अपयशही प्रसिद्ध केले. काही रुग्णांत पेशी अनेक वर्षे जगल्या आणि त्या रुग्णांना औषधाविना राहता आले, हे या कामाचे फलित होय. अमेरिकेत भ्रूण-ऊतींच्या रोपणावरील संशोधनाला सरकारी पैसा देण्यास १९८८ साली मनाई झाली. ती १९९३ च्या जानेवारीत अध्यक्ष क्लिंटन यांनी उठविली. त्यानंतर तेथे या उपचाराची खरी कसोटी घेण्याचे ठरले.

लटक्या शस्त्रक्रियेचे सत्य

ही कसोटी कठोर होती. कर्ट फ्रीड आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्ण निवडले. त्यांपैकी २० जणांच्या मेंदूत भ्रूणपेशी सोडल्या. उरलेल्या २० जणांच्या कवटीला केवळ छिद्रे पाडली, मेंदूला स्पर्श केला नाही. कोणाला काय मिळाले हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि त्यांची तपासणी करणाऱ्यांनाही नव्हते. रुग्णाच्या कवटीला उगाच छिद्र पाडणे नीतीला धरून आहे काय, यावर वैद्यकविश्वात मोठा वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु २००१ साली जे निष्कर्ष आले त्यांनी या लटक्या शस्त्रक्रियेची गरज पटवून दिली. वर्षानंतर, रुग्णांनी स्वतःच्या स्थितीविषयी दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. साठीच्या आतील रुग्णांच्या हालचालींत काही सुधारणा होती. आणि रोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत पुढे, औषध कमी केले किंवा थांबविले तरी, अनावर हालचाली सुरू राहिल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ३४ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीतही एकूण लाभ सिद्ध झाला नाही. अनावर हालचालींचे प्रमाण तर रोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत आढळले.

पहिल्या चाचणीतील रुग्णांविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष विशेष मननीय आहे. ज्या रुग्णांना आपल्याला खऱ्या पेशी मिळाल्या असे वाटत होते, त्यांनी आपले जीवन अधिक सुसह्य झाल्याचे सांगितले. मग प्रत्यक्षात त्यांना पेशी मिळालेल्या असोत वा नसोत. कंपवातात श्रद्धेचा परिणाम केवळ मनावर होतो असेही नाही. उपचाराच्या अपेक्षेने रुग्णाच्या मेंदूत उरलेसुरले डोपामिन स्रवते, हे शास्त्रीय चाचण्यांत दिसून आले आहे. म्हणजे रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच बरे वाटते, परंतु ते रोपणामुळे नव्हे. उंदराला आशा नसते, म्हणून त्याच्या फेऱ्यांवर विसंबता येते. माणसाला आशा असते, म्हणूनच त्याच्या बाबतीत तुलनेचा गट हवा.

याचे बोलके उदाहरण म्हणजे डोळ्याच्या पडद्यामागील रंगद्रव्य-पेशींच्या रोपणाचा प्रयोग. माकडांत त्याचे फळ उत्तम दिसले. नंतर सहा रुग्णांवर तो करण्यात आला, तेव्हा त्यांच्या हालचालींच्या गुणांत सरासरी ४८ टक्के सुधारणा नोंदली गेली. त्यात तुलनेचा गट नव्हता. पुढे ७१ रुग्णांवर लटक्या शस्त्रक्रियेशी तुलना करून रीतसर चाचणी झाली आणि २०११ साली निष्कर्ष आला तो असा, की दोन्ही गटांत फरक नाही. ४८ टक्क्यांची सुधारणा तुलनेपुढे टिकली नाही.

प्राणी जे सांगू शकले नाहीत

अनावर हालचालींचा हा दुष्परिणाम उंदरांत आधी का दिसला नाही? कारण साधे आहे. रुग्णांनी वर्षानुवर्षे लेव्होडोपा घेतलेले होते; प्रयोगातील उंदरांनी बहुधा ते घेतलेले नव्हते. शिवाय उंदराची परीक्षा फेऱ्यांची होती, वेड्यावाकड्या हालचालींची नव्हती. हे लक्षात आल्यावर संशोधक पुन्हा उंदरांकडे वळले, त्यांना आधी दीर्घकाळ औषध दिले, आणि मग हा दुष्परिणाम त्यांच्यातही काही अंशी निर्माण करता आला. रोपण केलेल्या ऊतीत मिसळलेल्या सेरोटोनिन पेशी त्याला कारणीभूत असाव्यात, या तर्काला २०१० साली काही रुग्णांच्या तपासणीतूनही आधार मिळाला. प्रतिमान सुधारता येते. त्यासाठी रुग्णांनी शिकविलेला धडा प्रयोगशाळेत परत न्यावा लागतो.

दुसरा धडा २००८ साली मिळाला. रोपणानंतर ११ ते १६ वर्षांनी निधन पावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली. भ्रूणापासून घेतलेल्या त्या कोवळ्या पेशी जिवंत होत्या. परंतु त्यांच्यापैकी काहींत कंपवाताची खूण समजले जाणारे प्रथिनांचे गोळे दिसले. यजमान मेंदूतील रोग नव्या पेशींपर्यंत पोहोचला होता. विष टोचलेल्या उंदरात असा पसरणारा रोग नसतो, त्यामुळे हे त्याने कधीही सांगितले नसते. यानंतर अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या साह्याने नवी प्रतिमाने तयार झाली, ज्यांत ऱ्हास हळूहळू होतो व पसरतो. अर्थात बाधित पेशींचे प्रमाण अल्प होते आणि रोपण अनेक वर्षे टिकले होते, हेही तितकेच खरे. म्हणून या शोधाने पेशीरोपणाचा अंत झाला नाही. 'कायमचा इलाज' या शब्दांचा मात्र झाला पाहिजे.

मूलपेशींचे युग

भ्रूणपेशींची मोठी अडचण पुरवठ्याची होती. एका रुग्णाच्या मेंदूच्या एका बाजूसाठीच तीन-चार भ्रूणांच्या ऊती लागत, आणि त्या वेळेवर व एकसारख्या मिळणे दुरापास्त होते. १९९८ साली मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. २००६ साली क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या सामान्य पेशींना, आणि २००७ साली मानवी पेशींना, पुन्हा मूलपेशींची अवस्था प्राप्त करून दिली. २०१२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा आहे. आता पेशी हव्या तितक्या वाढविता येऊ लागल्या. परंतु जी पेशी काहीही होऊ शकते ती नको तेही होऊ शकते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मूलपेशी टोचलेल्या २५ उंदरांपैकी पाचांच्या मेंदूत गाठी वाढल्या. त्या उंदरांनी दिलेल्या इशाऱ्याने कित्येक रुग्णांचे प्राण वाचविले असतील.

मूलपेशींतून अचूक डोपामिन पेशी घडविण्याची खात्रीची पद्धत न्यूयॉर्कमधील लॉरेन्झ श्टुडर यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केली. क्योतोच्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने २०१७ साली, एमपीटीपी दिलेल्या माकडांत मानवी पेशी दोन वर्षांपर्यंत जगल्या, हालचाली सुधारल्या आणि गाठी झाल्या नाहीत, असे दाखविले. त्यानंतरच, २०१८ साली, पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. स्वीडन व ब्रिटन यांच्या संयुक्त चाचणीतील पहिली शस्त्रक्रिया लुंडला २०२३ साली झाली. १९८७ च्या धावपळीशी तुलना केली असता हा क्रम कितीतरी अधिक जबाबदारीचा आहे, याबद्दल दुमत होऊ नये.

पण २०२५ च्या निबंधांतील सात आणि बारा रुग्णांसमोर तुलनेचा गट नव्हता. पेशी सुरक्षित आहेत काय, एवढेच त्या चाचण्यांना मुख्यतः विचारावयाचे होते, आणि तेवढेच उत्तर त्यांच्याकडून घ्यावयास हवे. मेंदूची विशेष छायाचित्रे पेशी जगल्याचे दाखवितात हे बळकट लक्षण आहे. त्या रुग्णाला किती उपयोगी पडतात हे त्यावरून ठरत नाही. ते ठरविण्यासाठी अमेरिकेत २०२५ साली सुमारे शंभर रुग्णांची, लटक्या शस्त्रक्रियेशी तुलना करणारी मोठी चाचणी हाती घेण्यात आली. जपानच्या कायद्यात, २०१४ पासून, सुरक्षितता दिसली आणि उपयोगाची शक्यता वाटली तर मुदतीची सशर्त मान्यता देऊन उरलेला पुरावा नंतर गोळा करण्याची सोय आहे. त्या सोयीखाली हृदयविकारावरील एका पेशी-उपचाराला २०१५ साली मान्यता मिळाली होती. उपयोगाचा पुरेसा पुरावा न जमल्याने २०२४ साली त्याला माघार घ्यावी लागली. सशर्त मान्यता म्हणजे सिद्धता नव्हे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आपल्याकडील बाजार

हा सारा विवेक आपल्या देशात अधिकच निकडीचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांसारख्या मान्य रोगांसाठी केले जाणारे अस्थिमज्जेचे रोपण वगळता, मूलपेशींचा वापर रीतसर चाचणीतच करावयाचा आहे. कंपवात त्या मान्य रोगांत नाही. असे असूनही मूलपेशींची 'चिकित्सा' विकणाऱ्या जाहिराती मोठ्या शहरांत अनेक वर्षे झळकत आल्या आहेत. यांतील पेशी बहुधा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या असतात. क्योतोतील किंवा न्यूयॉर्कमधील डोपामिन पेशींशी त्यांचे नावापलीकडे नाते नाही. 'नेचर'मधील निबंधाचे कात्रण दाखवून भलताच माल विकावा, असा हा प्रकार होय.

सेवानिवृत्त शिक्षकाने किंवा कारकुनाने आपल्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम अशा उपचारावर घालविण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. ही चाचणी देशाच्या अधिकृत चाचणी-नोंदवहीत नोंदलेली आहे काय? आणि तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जातात काय? प्रयोगाचा खर्च प्रयोग करणाऱ्याने सोसावयाचा असतो. जेथे प्रयोगाच्या नावाखाली रुग्णाकडे बिल येते तेथे प्रयोग नसून व्यापार आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. पेशीरोपण उद्या यशस्वी ठरले तरी ते खर्चाचे, मोजक्या रुग्णालयांतील आणि निवडक रुग्णांपुरते राहील. ते हालचाली सुधारील. स्मृतिभ्रंश किंवा पचनाच्या तक्रारी दूर करील अशी अपेक्षा खुद्द संशोधकही बाळगीत नाहीत. आज ज्या साधनांचा उपयोग सिद्ध आहे ती साधी आहेत: वेळेवर निदान, लेव्होडोपाचा अखंड पुरवठा, मात्रा बदलून देणारा जाणता डॉक्टर, नियमित व्यायाम व चालण्याचा सराव. जिल्ह्याच्या ठिकाणी मज्जाविकारतज्ज्ञ नाही, म्हातारपणामुळेच हात थरथरतात असे समजून घरचे स्वस्थ बसतात, ही स्थिती बदलण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. या साध्या साधनांविषयी आग्रह धरणे हे रोपणाच्या वार्तेइतके आकर्षक नाही; परंतु बहुसंख्य रुग्णांचे सुखदुःख त्यावरच अवलंबून आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणारे पुष्कळदा म्हणतात की, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, म्हणून हे सारे व्यर्थ होय. या संशोधनाचा इतिहास तसे म्हणू देत नाही. सशाने औषधाचा मार्ग दाखविला, उंदराने रोपण शक्य असल्याचे दाखविले, गाठींच्या धोक्याचा इशाराही त्यानेच दिला. परंतु या प्राण्यांना जी यातना दिली गेली ती समर्थनीय ठरावयाची असेल, तर त्यांनी दिलेले उत्तर प्रामाणिकपणे वाचणे हे माणसाचे पहिले कर्तव्य ठरते. त्या उत्तरात नसलेली आशा त्यात घुसडणे हा रुग्णाशी द्रोह आहे आणि त्या मुक्या जिवांशीही.

२००३ नंतर, दोन चाचण्या फसल्या म्हणून, हे काम कायमचे सोडून दिले असते तर आजचे निष्कर्ष हाती आले नसते. १९८७ साली थोडा धीर धरला असता तर कित्येकांच्या कवट्या विनाकारण उघडल्या गेल्या नसत्या. कंपवाताच्या रुग्णाला नव्या उपचाराची आशा बाळगण्याचा पूर्ण अधिकार आहे. ती आशा फसवी ठरू नये यासाठी तुलनेच्या, मोजमापाच्या आणि दीर्घ निरीक्षणाच्या कसोट्या पुऱ्या होईपर्यंत थांबण्याचे धैर्य मात्र शास्त्रज्ञांनी, सरकारांनी आणि वार्ता वाचणाऱ्या समाजानेही दाखवावयास हवे.